रविवारची सुट्टी मिळवण्यासाठी लोखंडेंनी आधी साडेपाच हजार सह्या जमवल्या

रविवारी उशिरापर्यंत लोळत पडण्याआधी एक नाव माहीत असायला हवं, नारायण मेघाजी लोखंडे.

१८४८ साली ठाण्यात जन्म. शिक्षण बेताचं. रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली आणि पुढे मुंबईतल्या मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीतले हाल त्यांनी तिथेच जवळून पाहिले. दिवस उजाडला की भोंगा आणि अंधार पडला की सुटका. जेवायला धड वेळ नाही, पगार कधी होईल याचा भरवसा नाही. हात यंत्रात गेला तर घरी बसा, पैसे विसरा. आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं 'दीनबंधू' त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणलं आणि गिरण्यांमधल्या गोष्टी छापायला सुरुवात केली.

खरी गंमत १८८४ ची आहे. कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने कमिशन नेमलं. लोखंडेंनी ओळखलं की तिथे नुसतं रडगाणं गाऊन भागणार नाही. नेमकं काय हवं ते कामगारांनी आधी आपसात ठरवायला हवं. सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली आणि मागण्या एकेक करून पक्क्या केल्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

आजच्या युनियनचं मागणीपत्रक काढून बघा, फार वेगळं दिसणार नाही.

त्याखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कामावरून काढलं जाण्याची भीती होती, तेव्हाचा हा आकडा आहे. याच धडपडीतून 'बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन' उभी राहिली. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी नाही, नियमावली नाही, फंड नाही. अभ्यासक यावर बोट ठेवतात आणि ते बरोबरही आहे. पण मालकांपुढे मांडायला कामगारांकडे एक ठरलेला कागद आला, हे त्याआधी झालं नव्हतं.

मालक लगेच हलले नाहीत. सहा वर्षं गेली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं लोखंडे समजावून सांगायचे. कामगारांना ते लगेच पटायचं. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार बायकाही बोलल्या. गिरण्यांमध्ये बायका मोठ्या संख्येने राबत होत्या, त्यांच्याशिवाय मागणीला वजन आलं नसतं.

१० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. लोखंडे रुग्णांच्या सेवेत उतरले आणि त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ ला गेले. वय पन्नासच्या आतच. २००५ मध्ये त्यांच्या नावाने पोस्टाचं तिकीट निघालं.