हरी नारायण आपटे
हरी नारायण आपटे (८ मार्च १८६४, पारोळे, खानदेश – ३ मार्च १९१९, पुणे) हे मराठी कादंबरीकार व संपादक होते. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’ पत्रात क्रमशः आली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. नाव करमणुकीचे असले, तरी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ह्याच पत्रातून वाचकांपर्यंत पोचली. विधवांच्या केशवपनाचा प्रश्न आपट्यांनी निबंधाऐवजी यमू ह्या तरुणीच्या आत्मनिवेदनातून मांडला. त्यांचे खरे धाडस हेच. दर आठवड्याच्या निकडीने मात्र त्यांच्या कादंबऱ्या पसरट झाल्या, काही तर अपूर्णच राहिल्या. केशवसुतांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विखुरलेल्या कविता आपट्यांनीच संग्रहरूपाने प्रसिद्ध केल्या.