विल्यम बेटसन: दोन पांढऱ्या फुलांतून जांभळं फूल कसं आलं?

मागे ऑफिसमध्ये एका बगने माझे दोन दिवस खाल्ले. ॲपमध्ये एक बदल मी केला होता, दुसरा सहकाऱ्याने. दोन्ही वेगवेगळे तपासले की ॲप मस्त चालायचं. एकत्र केले की बंद. मग चूक कोणाची? एकट्याची कोणाचीच नाही. असंच कोडं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी विल्यम बेटसन नावाच्या इंग्रज माणसाने फुलांत आणि कोंबड्यांत शोधलं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

बेटसन यांचा जन्म १८६१ मधला, व्हिटबी नावाच्या समुद्रकाठच्या गावातला. वडील केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख. मुलगा मात्र शाळेत यथातथाच आणि गणितात कच्चा. (याच माणसाने पुढे निम्मं आयुष्य ९:७ सारखी प्रमाणं मोजत काढलं!) १९०० मध्ये मेंडेलचं वाटाण्यावरचं विसरलेलं संशोधन पुन्हा उजेडात आलं आणि बेटसन त्याचे सगळ्यात मोठे वकील झाले. त्यांनी ते इंग्रजीत छापलं, विरोधकांशी कडाकडा भांडले. आज आपण ज्याला ‘जेनेटिक्स’ म्हणतो, तो शब्दही त्यांचाच, १९०५ च्या एका पत्रातला.

काम चालायचं केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर गावात, घराच्या आवारात. पैशांची कायम ओढाताण. पत्नी बीट्रिस मदतीला, आणि सोबत न्यूनहॅम कॉलेजच्या काही संशोधक स्त्रिया. त्या काळात केंब्रिज बायकांना पदवीच देत नव्हतं, पण त्यांच्यातल्या एडिथ साँडर्स यांच्याशिवाय हे काम उभं राहिलं नसतं.

आता मुख्य गंमत. स्वीट पी ही वाटाण्याच्या कुळातली सुगंधी फुलांची वेल. बेटसन आणि मंडळींनी पांढऱ्या फुलांच्या दोन वेगवेगळ्या वाणांचा संकर केला. पांढरं आणि पांढरं, म्हणजे पांढरंच येणार ना? आली सगळी जांभळी! त्या जांभळ्यांची पुढची पिढी काढली, तर दर १६ झाडांमागे साधारण ९ जांभळी आणि ७ पांढरी.

हिशोब सोपा आहे. जांभळा रंग बनायला दोन जनुकं लागतात आणि दोन्ही चालू हवीत. प्रोग्रॅमिंग शिकला असाल तर हे सरळ ‘अँड’ आहे. एका वाणात पहिलं जनुक बिघडलेलं, दुसऱ्यात दुसरं, म्हणून दोन्ही पांढरे. संकरात दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. पुढच्या पिढीत प्रत्येक जनुक चालू असण्याची शक्यता ३/४, दोन्ही चालू असण्याची ३/४ गुणिले ३/४, म्हणजे ९/१६. उरलेली ७ पांढरी.

एक जनुक दुसऱ्याचा परिणाम झाकूनही टाकतं. अशा जनुकाला बेटसन यांनी ‘एपिस्टॅटिक’ म्हटलं. याचं एक ठसठशीत उदाहरण आपल्या मुंबईत सापडलं, १९५२ मध्ये. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला, तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आपल्या रक्तपेशींवर आधी ‘एच’ नावाचा पदार्थ बनतो, त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची खूण चढते. ‘एच’ बनवणारं जनुकच बंद असेल, तर ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक धडधाकट असूनही काही करू शकत नाही. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ गटाचा दिसतो. पण ‘ओ’ रक्तात ‘एच’ असतो, त्यामुळे ते चढवलं तर जीव जाऊ शकतो. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

बेटसन यांचं नशीब मात्र विचित्र. स्वीट पीमध्येच त्यांना दिसलं होतं, की फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार पुढच्या पिढीत बऱ्याचदा जोडीने जातात. कारण साधं होतं, ती जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी आहेत. पण जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात, हे त्यांना पटेचना. त्यांनी स्वतःचीच एक किचकट थिअरी मांडली. ती चुकली, आणि बाजी अमेरिकेतल्या मॉर्गन यांनी मारली. जनुकं एकत्र काम करतात हे ज्याने दाखवलं, त्यालाच ती एकत्र बसलेली दिसली नाहीत. मला यात हट्ट जास्त वाटतो. आपला कोड बरोबरच आहे म्हणून अडून बसलेले सीनियर मी पाहिलेत, मीही बसलोय.

घरही कोसळत होतं. थोरला मुलगा जॉन १९१८ मध्ये युद्ध संपायला जेमतेम महिना उरला असताना मारला गेला. १९२१ च्या डिसेंबरात बेटसन यांनी मॉर्गन यांची प्रयोगशाळा पाहिली आणि टोरंटोच्या भाषणात गुणसूत्रांचं महत्त्व जाहीरपणे मान्य केलं. साठीच्या माणसाला हे सोपं नसतं. चारच महिन्यांनी दुसरा मुलगा मार्टिन याने आत्महत्या केली, तीही जॉनच्या वाढदिवशी. उरला धाकटा ग्रेगरी. मेंडेलच्या नावावरून नाव ठेवलेला हा मुलगा पुढे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ झाला. १९२६ मध्ये बेटसन गेले.

माझ्या बगकडे परत येतो. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून होणारी संतती बऱ्याचदा वांझ का असते? उत्तर असं: दोन गट वेगळे झाले की प्रत्येकात नवे बदल साठतात. ते आपापल्या घरी निर्धोक असतात, पण एका शरीरात प्रथमच भेटले की घोळ होतो. याचं श्रेय अनेक वर्षं १९३०-४० च्या दशकांतल्या डॉब्झान्स्की आणि मुलर यांना मिळत होतं. १९९६ मध्ये ॲलन ऑर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हीच कल्पना बेटसन यांनी १९०९ मध्येच, डार्विनच्या जन्मशताब्दीच्या पुस्तकातल्या एका लेखात लिहून ठेवली होती. सगळे विसरले होते. आता तिच्या नावात तिघंही आहेत, आणि बेटसन पहिले.