हौसेची जुनी होडी

‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही १९०३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आधुनिक हेरकथांच्या आरंभीच्या कृतींत गणली जाते. लेखक अर्स्किन चिल्डर्स यांना ती गवसली एका जुन्या, बेढब होडीमुळे.

चिल्डर्स यांचा जन्म १८७० साली लंडनमध्ये झाला. वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स हे पाली भाषेचे पंडित. त्यांचा पाली-इंग्रजी कोश आपल्याकडील अभ्यासकांनाही परिचित आहे. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने अर्स्किन आयर्लंडमध्ये मामाच्या घरी वाढले. १८९५ पासून ते ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये कारकून होते. अधिवेशन संपले की मोठी सुटी मिळे आणि ती समुद्रावर खर्ची पडे.

१८९७ साली त्यांनी ‘व्हिक्सन’ विकत घेतली. मूळची ही जीवरक्षक नौका; पुढे तिचे रूपांतर शिडाच्या सहलीच्या होडीत झाले होते. ऐटबाज यॉट बाळगणाऱ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते आणि विकताना नफा होईल, अशी आशा तर कोणीच धरली नसती. परंतु तिच्या तळाची उभी फळी वर ओढून घेता येत असे. त्यामुळे ती उथळ पाण्यात शिरे आणि ओहोटीला वाळूवर टेकली तरी बिघडत नसे. दक्षिणेला जाण्याचा बेत वाऱ्याने हाणून पाडला, तेव्हा चिल्डर्स यांनी हॉलंडची वाट धरली. बंधू हेन्री यांच्या सोबतीने ते फ्रिसियन बेटांमागील वाळूच्या पट्ट्यांतून वाट काढीत थेट बाल्टिकपर्यंत गेले. भरती-ओहोटीचा हा भूगोलच कादंबरीचा कणा ठरला. याच उथळ खाड्यांतून जर्मनी इंग्लंडवर स्वारी करणार, असे तिचे कथानक. तीतील ‘डल्सिबेला’ म्हणजे हीच ‘व्हिक्सन’. डौलदार यॉटच्या अपेक्षेने आलेल्या नायकाचा ती पाहून झालेला विरस वाचण्याजोगा आहे.

इंग्लंडला सावध करणाऱ्या या लेखकाचे पुढील आयुष्य मात्र चटका लावणारे आहे. विवाहानंतर सासरकडून त्यांना ‘अस्गार्ड’ ही नवी कोरी नौका भेट मिळाली. जुलै १९१४ मध्ये तिच्यातून त्यांनी आयरिश स्वयंसेवकांसाठी ९०० रायफली हाउथ बंदरात उतरविल्या. गंमत अशी, की या रायफलीही जुन्याच होत्या! त्यानंतर महायुद्धात ते ब्रिटिश आरमाराच्या सेवेत राहिले, युद्ध संपताच आयरिश स्वातंत्र्यासाठी झटले आणि यादवी युद्धात तहविरोधकांच्या बाजूने उभे राहिले. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी आयर्लंडच्याच नव्या सरकारने त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे पुत्र १९७३ साली त्याच देशाचे अध्यक्ष झाले.

‘अस्गार्ड’ २०१२ पासून डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केली आहे. ‘व्हिक्सन’ १९४८ साली इंग्लंडमधील लिमिंग्टन येथे मोडीत निघाली.