भेंडीचा ठसा आणि ताराबाई

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात फराळाच्या आधी कागदाचे कपटे आणि रंगाच्या वाट्या दिसायला लागतात. हातानं भेटकार्डं करायची माझी खोड जुनी. बी.ए.ला होते तेव्हापासूनची. दुकानातलं कार्ड परवडायचं नाही म्हणून सुरुवात झाली आणि मग त्याचीच गोडी लागली. आता शुभेच्छा मोबाइलवर येतात. शंभर येतात आणि धड वाचायच्या आधीच पुसूनही टाकाव्या लागतात. पण कुणी हातानं केलेलं कार्ड पाठवलं, तर ते वर्षभर फ्रिजवर नाहीतर देवघराच्या फळीवर राहतं की नाही?

आज मात्र सांगायचंय ते नुसतं कार्डांबद्दल नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल, आणि ती चूक मला दाखवून देणाऱ्या एका बाईंबद्दल सांगायचंय. त्या बाईंना जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

झालं असं. काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळानं परभणीजवळच्या एका वस्तीत मुलांसाठी दिवाळी शिबिर घेतलं. भेटकार्डं, रंगवलेल्या पणत्या, छाप उठवलेले रुमाल, असा बेत. मी मोठ्या हौसेनं सामानाची यादी केली. पुण्याहून नणंदेकडून रबरी ठसे मागवले, स्टॅम्प पॅड आणलं, प्लास्टिकच्या स्टेन्सिल, चमकी, जाड रंगीत कागद, सगळं आणलं. खर्च वाढला म्हणून प्रत्येक मुलामागे पन्नास रुपये ठेवले. पन्नास रुपये म्हणजे काय, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी बावीस मुलं आली. दुसऱ्या दिवशी नऊच. एक मुलगी तर पहिल्या दिवसापासून आत आलीच नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ओट्यावर बसायची आणि दारातून बघत राहायची. तिची आई कापूस वेचायला जायची. हंगामच तो. आत ये म्हटलं की मान हलवायची. पैशाचं कारण तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसरी चूक याहून मोठी. शेवटी प्रदर्शन होतं, पाहुणे यायचे होते. मुलांची कार्डं वाकडीतिकडी झालेली, कुठे रंग ओघळलेला, कुठे ठसा अर्धाच उठलेला. आदल्या रात्री मी घरी बसून बरीचशी कार्डं नीटनेटकी करून टाकली. काही तर नव्यानंच केली! दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी वाहवा केली. पण मुलं टेबलाभोवती फिरून आपापलं कार्ड शोधत होती, आणि त्यांना ते सापडत नव्हतं.

तिथल्या अंगणवाडीच्या ताई हे बघत होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, की यातलं मुलांनी केलेलं कोणतं? त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. बोलता बोलता त्यांनी ताराबाईंचं नाव घेतलं. मी समाजकार्य करते म्हणवणारी, आणि मला ताराबाईंचं नुसतं नाव माहीत होतं. मग वाचनालय गाठलं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. घरात सुधारणेचं वारं होतं, त्यामुळे मुलीचं शिक्षण थांबलं नाही. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. तेव्हा बाईनं पदवी घेणं म्हणजे काय होतं, ते आपल्या पणजीला आठवून बघा म्हणजे कळेल. पुढे लग्न झालं. मोडक अमरावतीचे वकील. संसार काही वर्षं चालला, पण जमलं नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. पदरी एक मुलगी. आज या शब्दाला आपण निदान तोंडातून बाहेर तरी येऊ देतो. शंभर वर्षांपूर्वी ती बाई समाजात कशी वावरली असेल?

ताराबाई वावरल्या त्या नोकरी करून. राजकोटला शिक्षिका तयार करणारं बार्टन ट्रेनिंग कॉलेज होतं. तिथे त्या प्राचार्य झाल्या. चांगलं पद, चांगला पगार. एकट्या बाईनं अशी नोकरी घट्ट धरून ठेवायची की नाही? पण भावनगरला गिजुभाई बधेका यांचं काम त्यांच्या कानावर आलं. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं होतं. तिथे छडी नव्हती आणि घोकंपट्टीही नव्हती. लहान मुलानं स्वतःच्या हातानं करून शिकायचं, ही तिथली रीत. ताराबाईंनी राजकोट सोडलं आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. मराठी बाई, पण गुजराती इतकी आपलीशी केली की त्या भाषेत लिहू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, त्यात दोघांचा वाटा. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत काढून त्यांनी हा विचार आपल्या लोकांपर्यंत आणला, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं.

आता मैत्रिणींनो, आपल्या विषयाशी याचा काय संबंध, ते सांगते. हे सगळं शिक्षण इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंच्या पद्धतीवर उभं होतं. आणि या पद्धतीत स्टेन्सिल आहे! धातूच्या चौकोनी चौकटी असतात. प्रत्येकीत एक आकार कापलेला असतो. वर्तुळ, त्रिकोण, लंबवर्तुळ असे दहा आकार, आणि कापलेला तुकडा उचलायला वर छोटी मूठ. मूल चौकट कागदावर ठेवतं, आतून पेन्सिल फिरवतं, मग तो आकार रंगीत रेघांनी भरतं. आपल्याला वाटतं खेळ चाललाय. पण रेघ आकाराच्या बाहेर जाऊ न देता हात फिरवता फिरवता बोटं लिहायला तयार होत असतात. अक्षर गिरवायच्या आधी हात तयार करायचा, ही त्यातली युक्ती. मी आणलेल्या प्लास्टिकच्या स्टेन्सिलमध्ये एवढं काही दडलंय, हे मला ठाऊकच नव्हतं.

पण ही साधनं महाग. दादरच्या पांढरपेशा घरांतल्या मुलांना मिळाली तरी खेड्यातल्या मुलांचं काय? हा प्रश्न ताराबाईंना टोचायला लागला. गांधीजींच्या नयी तालीमच्या विचारानंही त्यांना खेड्याकडे ओढलं. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. त्रेपन्नाव्या वर्षी आपण काय करतो? गुडघे दुखतात म्हणतो, सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात का याचा विचार करतो. ताराबाईंनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, शिक्षिका, ताराबाईंपेक्षा जवळजवळ अठरा वर्षांनी लहान. दोन बायका, दोघींचेही संसार नशिबानं मोडलेले, आणि दोघींनी मिळून हजारो मुलांचा संसार मांडला.

बोर्डीत पहिला धडा त्यांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून सगळी मुलं येतातच असं नाही. गरीब वस्तीतली मुलं आलीच नाहीत. घरी धाकटी भावंडं सांभाळायची, अंगावर धड कपडा नाही, गावातल्या पोरांच्या शेजारी बसायची भीती. मग ताराबाईंनी मुलांना बोलावणं सोडून दिलं आणि शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळी घालायच्या, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातल्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. आज देशभर गावोगावी जी पाटी दिसते, तिच्यामागे बोर्डीचं ते अंगण आहे.

हे वाचताना मला ओट्यावरची ती मुलगी आठवली. कडेवर भाऊ, आत यायचं नाही, दारातून बघायचं. ताराबाईंनी जे १९४५ मध्ये ओळखलं, ते माझ्या डोळ्यांसमोर बसलेलं असूनही मला दिसलं नव्हतं.

साधनांचा प्रश्नही त्यांनी तिथेच सोडवला. शिंपले, गोटे, बिया, पानं, फुलं, काड्या. मोजायला हेच, जुळवायला हेच, रंग ओळखायलाही हेच. महागडी पेटी आली नाही म्हणून मुलाचं शिकणं अडलं नाही. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलखात. ज्यांच्या बायका गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात, त्या लोकांच्या लेकरांना कलेचं साहित्य पुण्याहून मागवायची काय गरज! तिथली मुलं दिवसा गुरं राखायला जायची. म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, आणि कुरणशाळा झाली. शाळेनं मुलाप्रमाणे बदलायचं, मुलानं शाळेप्रमाणे नाही, हे ताराबाईंनी असं करूनच दाखवलं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं.

पुढच्या दिवाळीला आम्ही पुन्हा शिबिर घेतलं. या वेळी वस्तीतल्या लिंबाच्या झाडाखाली, आणि पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत. साहित्य असं: भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं. बटाटा अर्धा कापून त्यावर चांदणी कोरली की झाला ठसा. कांद्याचे वेढे, पिंपळाचं पान, बांगडीची कड, बाटलीची टोपणं. कार्डांसाठी घराघरांतून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. त्यांचे आतले कागद एका बाजूनं कोरे असतात. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर पणती, मोर, कंदील कापून आम्ही बायकांनी स्टेन्सिल केल्या (ब्लेडचं काम मुलांकडे द्यायचं नाही). गेरू, हळद आणि नीळ डिंकाच्या पाण्यात कालवून रंग केले. रंग पातळ नको, नाहीतर स्टेन्सिलखाली पसरतो. जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासला की बारीक तुषार उडतात. स्टेन्सिल उचलली की मोर जागच्या जागी! मुलं टाळ्या पिटतात. भेंडी मात्र कापल्यावर कपड्यानं टिपून घ्या, तिच्या चिकटपणानं रंग नीट बसत नाही.

आणि एक नियम आम्ही मोठ्यांनी स्वतःला घातला, की मुलाच्या कार्डाला हात लावायचा नाही. ठसा तिरका आला तर तिरका. पहिल्या दिवशी माझे हात अक्षरशः शिवशिवत होते. शेवटी मी पदराचं टोक मुठीत धरून बसले.

ती मुलगीही आली, भावाला घेऊनच. तो तिच्या मांडीवर बसून भेंडी चावत होता. तिनं भेंडी घेतली नाही, बटाटाही घेतला नाही. फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढून तिनं गेरूत बुडवलं आणि कागदावर दाबलं. टोकदार पाकळ्यांचं, चांदणीसारखं फूल उठलं. मी वाकून बघितलं, तर कापूस काढून घेतल्यावर उरतं ते कपाशीचं वाळकं बोंड! माझं सगळं आयुष्य परभणीत गेलं, चारी बाजूंनी कपाशी, पण हा ठसा मला कधी सुचला नाही. ज्या बोंडांनी तिच्या आईची बोटं ओरबाडली जात होती, त्याच बोंडाचं फूल करून तिनं आईसाठीच कार्ड केलं होतं. फुलांच्या मध्ये भावाच्या हिरव्या-पिवळ्या बोटांचे ठसे उमटले होते. तिनं ते तसेच राहू दिले. मीही.

त्या वर्षी प्रदर्शन झालं नाही. कार्डं संध्याकाळीच ज्याच्या त्याच्या घरी गेली.

तर मैत्रिणींनो, या दिवाळीत घरातल्या, शेजारच्या, आणि कामवाल्या मावशींच्याही लेकरांना घेऊन एक दुपार अंगणात बसा. मोठी यादी करू नका. दोन भेंड्या, एक बटाटा, चमचाभर हळद आणि गेरू पुरे. कार्ड वाकडं झालं तर होऊ द्या. आणि दाराबाहेर कुणी मूल नुसतं बघत बसलं असेल, तर त्याला आत बोलावत बसू नका. आपणच पाट उचलून बाहेर, त्याच्याजवळ जाऊन बसा.