स्वान्ते आऱ्हेनियस : विरघळलेल्या मिठाचे रहस्य

बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्याने बिदरी भांडी काळी करण्याची कला आमच्या या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जस्त-तांब्याचे भांडे त्या द्रावणाने काळेभोर होते. त्यावर जडविलेली चांदी मात्र शुभ्रच राहते. नवसागर पाण्यात दिसेनासा होतो, पण त्याचे कार्य थांबत नाही. मग विरघळलेल्या पदार्थाचे पाण्यात होते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी ऐन तारुण्याची वर्षे वेचली, त्या स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

चरित्राकडे वळण्यापूर्वी तीन शब्द ध्यानात घेऊ. जो विरघळवितो तो द्रावक, जे विरघळते ते द्राव्य, आणि दोहोंचे एकजीव मिश्रण म्हणजे द्रावण. सामान्यतः ज्याचे प्रमाण अधिक, त्यास द्रावक म्हणावे. सरबतात पाणी द्रावक. साखर आणि मीठ ही द्राव्ये. द्रावक पाणीच असावे असे मात्र नाही. बिदरी भांड्यासाठी धातू वितळवितात तेव्हा जस्त पुष्कळ आणि तांबे थोडे असते. तेथे जस्ताचा रस द्रावक आणि तांबे द्राव्य होय.

आऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळील विक येथे झाला. वडील भूमापक होते. बालपणापासूनच स्वान्ते यांना आकडेमोडीची विलक्षण गोडी होती. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान न झाल्यामुळे १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एडलुंड यांच्या प्रयोगशाळेत गेले. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, कोरड्या मिठातूनही वाहत नाही. परंतु मीठ पाण्यात विरघळले की ती सहज वाहते. या कोड्याचा त्यांनी ध्यास घेतला.

विजेचा प्रवाह सोडल्यावरच मिठाच्या रेणूचे तुकडे होतात, असा त्या काळी बहुतेकांचा समज होता. द्राव्याचा काही भाग आधीपासूनच क्रियाशील असतो आणि द्रावण जसजसे विरल करावे तसतसा तो भाग वाढतो, असे आऱ्हेनियस यांनी १८८४ मधील आपल्या प्रबंधात मांडले. परीक्षकांना ते पटले नाही. प्रबंधास इतकी खालची श्रेणी मिळाली की विद्यापीठात अध्यापक होण्याची वाटच बंद झाल्यासारखे झाले.

तरुण आऱ्हेनियस खचले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांकडे धाडल्या. रीगा येथील ऑस्टवाल्ड यांना त्याचे मोल तत्काळ उमगले. त्याच वर्षी ते स्वतः उप्सालाला येऊन त्यांना भेटले आणि आपल्याकडे येण्याचे निमंत्रण दिले. तेव्हा कोठे उप्सालानेही त्यांना अध्यापकाचे पद दिले.

पुढे त्यांनी रीगा, व्ह्युर्ट्सबुर्ग, ग्राट्स आणि ॲम्स्टरडॅम येथे संशोधन केले. द्राव्य मिसळले की पाणी शून्य अंशाखाली गोठते. एक किलोग्रॅम पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर विरघळविली, तर गोठणबिंदू सुमारे ०.१९ अंश सेल्सिअस खाली जातो. रेणूंच्या हिशेबाने तितकेच मीठ, म्हणजे ५.८५ ग्रॅम, घातले तर तो सुमारे ०.३५ अंश खाली जातो. ही घट जवळजवळ दुप्पट! याचा अर्थ असा की साखरेचा रेणू पाण्यात अखंड राहतो, तर मिठातून सोडियम आणि क्लोराइड असे दोन विद्युत्भारित कण मोकळे होतात. त्यांना आयन म्हणतात. विजेच्या मापनातून जे दिसले, त्याला गोठणबिंदूनेही दुजोरा दिला. १८८७ मध्ये आऱ्हेनियस यांनी हा सिद्धांत पूर्णत्वाने प्रसिद्ध केला.

ज्या सिद्धांताच्या पहिल्या मांडणीला खालची श्रेणी मिळाली होती, त्याच सिद्धांतासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणितही त्यांनी १८९६ मध्येच मांडले होते. १९०५ पासून ते स्टॉकहोमच्या नोबेल संस्थेचे संचालक होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

शास्त्र कोणा एकापाशी थांबत नाही. मिठाच्या स्फटिकातही आयनच असतात आणि पाणी त्यांना एकमेकांपासून अलग करते, हे नंतर सिद्ध झाले. कलकत्त्यात ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये, तर डेबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये या विचारात मोलाची भर घातली. पण द्राव्याचे द्रावकात काय होते, हे मोजमापाने पाहण्याची दिशा आऱ्हेनियस यांनीच दाखविली.

बिदरी कारागिराच्या पात्रातील नवसागरही पाण्यात अमोनियम आणि क्लोराइड या आयनांत विभागलेला असतो. परीक्षेतील एका श्रेणीपुढे आऱ्हेनियस यांनी मान तुकविली असती, तर त्या पात्रातील हे सत्य जगाला बहुधा उशिरा कळले असते. आमच्या विद्यार्थी मित्रांनी या चरित्रातून एवढे अवश्य घ्यावे की श्रेणी परीक्षक देतात, परंतु अखेरचा निर्णय प्रयोग देतो.