एकाकी दर्यावर्दी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात २० फेब्रुवारी १८४४ रोजी जोशुआ स्लोकम याचा जन्म झाला. पुढे त्याच्या वडिलांनी शेती सोडून जोडे शिवण्याचा धंदा धरला. शाळेचे तोंड नीट पाहण्यापूर्वीच जोशुआला त्या कामास बसावे लागले. परंतु हात चामड्यावर चालत असले, तरी मन समोरच्या समुद्रावर धावत असे. एकदा त्याने लपूनछपून एक लहानशी लाकडी नौका कोरली. वडिलांनी ती पाहिली आणि रागाच्या भरात मोडून टाकली. नौका मोडली, पण मुलाची हौस मोडली नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८६० साली, त्याने घर सोडले आणि खलाशाचा पेशा पत्करला.

साध्या खलाशापासून चढत चढत तो कप्तान झाला. त्याची पत्नी व्हर्जिनिया ही त्याच्याबरोबर जहाजावरच संसार करी. मुले समुद्रावरच लहानाची मोठी होत होती. परंतु १८८४ साली व्हर्जिनिया निवर्तली. १८८७ च्या अखेरीस त्याचे स्वतःचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटले. तरीही हातपाय न गाळता त्याने तेथेच एक लहान गलबत बांधले आणि कुटुंबासह तो अमेरिकेस सुखरूप परतला. परंतु तेथे त्याला काम मिळेना. काळ बदलला होता. वाफेच्या आगबोटींनी शिडांच्या जहाजांना मागे सारले होते आणि शिडांची विद्या जाणणाऱ्या कप्तानाला कोणी विचारीत नव्हते.

अशा स्थितीत १८९२ साली एका जुन्या कप्तान मित्राने त्याला एक नौका देऊ केली. स्लोकम ती पाहावयास फेअरहेवन या गावी गेला. पाहतो तो काय, ती नौका पाण्यात नसून एका कुरणात टेकूंवर उभी होती! तिचे नाव ‘स्प्रे’. दुसरा एखादा माणूस निराश होऊन परतला असता. स्लोकमने मात्र कुऱ्हाड उचलली. जवळचा एक ओक वृक्ष तोडून त्याने नौकेचा नवा कणा घडविला. एकेक जुनी फळी काढून तिच्या जागी नवी बसविली. तेरा महिन्यांच्या श्रमांनंतर सुमारे ३७ फूट लांबीची भक्कम नौका पाण्यात उतरली.

२४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टन बंदरातून तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. तेव्हा त्याचे वय ५१ वर्षांचे होते. अचूक घड्याळ दुरुस्त करून घेण्याइतके पैसे गाठीशी नव्हते, म्हणून त्याने एका डॉलरला पत्र्याचे साधे घड्याळ विकत घेतले. एकटा माणूस झोपेल केव्हा आणि सुकाणू धरील केव्हा, हा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु स्प्रेची बांधणीच अशी होती, की शिडांचा तोल साधून सुकाणू बांधून ठेवले म्हणजे ती आपल्या दिशेने सरळ चालत राही.

सुएझ कालव्यातून पूर्वेकडे जाण्याचा त्याचा विचार होता. जिब्राल्टर येथे त्याला भूमध्य समुद्रातील चाच्यांविषयी इशारा मिळाला, तेव्हा त्याने नौका पश्चिमेकडे वळविली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत वादळांनी त्याचा कस पाहिला. रात्री कोणी लुटारू नौकेवर चढतील, या भीतीने तो निजण्यापूर्वी तक्तपोशीवर टोकदार खिळे पसरून ठेवी. एका रात्री असे पाहुणे खरोखरच आले; पण अनवाणी पायांना खिळे टोचताच ओरडत पाण्यात उड्या टाकून पळाले!

पुढे पॅसिफिक महासागरावर सलग ७२ दिवस त्याला माणसाचे दर्शन घडले नाही. आपला आवाज नाहीसा होऊ नये, म्हणून तो मोठ्याने गाणी गाई आणि नसलेल्या खलाशांना हुकूम सोडी. सामोआ, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस व दक्षिण आफ्रिका या मार्गाने तो अटलांटिकवर परत आला. वाटेत सेंट हेलेना बेटावर भेट मिळालेल्या एका बकरीने त्याचा वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकला. तेव्हा पुढील मार्ग त्याला नकाशावाचून काढावा लागला.

प्रवासाचा शेवट जवळ आला, पण संकटे संपली नव्हती. अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध पेटले होते. जून १८९८ मध्ये घर दृष्टिपथात येत असतानाच एका भयंकर वावटळीने स्प्रेला गाठले. तिच्यातून निभावून तो न्यूपोर्टकडे वळला. त्या बंदराच्या तोंडाशी शत्रूसाठी पाणसुरुंग पेरलेले होते. स्लोकमने अंधारात खडकांच्या अगदी कडेकडेने नौका नेली. कारण जेथे खडक तेथे सुरुंग नसणार, हे त्याने ओळखले होते. २७ जून १८९८ रोजी मध्यरात्रीनंतर स्प्रेने नांगर टाकला. तीन वर्षे, दोन महिने आणि ४६,००० मैल! एकट्याने नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मानव ठरला.

तरीही त्याच्या मते प्रवास पुरा झाला नव्हता. तो स्प्रेला फेअरहेवनला घेऊन गेला आणि ती प्रथम पाण्यात उतरली तेव्हा जेथे बांधली होती, त्याच देवदाराच्या खुंटाला त्याने तिला पुन्हा बांधले. मगच त्याचे समाधान झाले. आपल्या प्रवासाची हकिकत त्याने १९०० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १९०९ साली तो पुन्हा एकटाच समुद्रावर गेला. त्यानंतर ना तो दिसला, ना स्प्रे.

त्याने दाखविलेल्या वाटेने पुढे अनेक दर्यावर्दी गेले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २०१० साली मुंबईसच परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. जगाने निरुपयोगी ठरविलेला कप्तान आणि कुरणात कुजत पडलेली नौका, या दोघांनी हा मार्ग प्रथम आखला होता.