न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि जामिनाचा एक अर्ज

वाचकहो, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभी असलेली अंजुमन-ए-इस्लामची वास्तू आपण पाहिली असेल. १८७४ मध्ये ही संस्था स्थापन करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी आघाडीवर होते. १८४४ साली मुंबईत एका सुलेमानी बोहरा घराण्यात त्यांचा जन्म झाला. मदरशात उर्दू-फारसी, पुढे एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी विद्या, आणि १८६७ मध्ये विलायतेहून परतले ते मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये न्यायासनावर बसले. एवढे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते. मला आपले लक्ष वेधायचे आहे ते १८९७ च्या ऑगस्टकडे.

पुण्यात रँडचा खून झाला होता आणि सरकार संतप्त होते. केसरीतील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. जामिनाचे आधीचे प्रयत्न फसले होते. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर नवा अर्ज तय्यबजींपुढे आला. तो मांडला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी. समाजसुधारणेच्या प्रश्नांवर तय्यबजी आणि टिळक यांच्या वाटा अगदी वेगळ्या. १८९३ च्या दंगलीनंतर टिळकांनी घेतलेल्या भूमिकेने मुंबईचे अनेक मुसलमान दुखावलेही होते. न्यायमूर्तींनी यातले काहीच तराजूत घातले नाही. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा त्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न होता. शिवाय महिनाभर कोठडीत ठेवलेला माणूस शेवटी निर्दोष ठरला, तर तो अन्यायच होईल, हे त्यांनी ओळखले. जामीन मंजूर झाला.

सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीत, एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू न देण्याची आज्ञा आहे. ती आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. न्यायासनावर ती पाळणे किती कठीण, हे अशा प्रसंगी कळते. फिकहचा नियमही हाच, की मनुष्य मुळात निर्दोष आणि पुराव्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर.

खटला मात्र न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीही नाकारली. मुदतीआधी सुटका झाली ती सरकारच्या मेहेरबानीने. निकाल तसाच राहिला.

तय्यबजींनी १९०२ मध्ये काही काळ मुख्य न्यायाधीशपदही सांभाळले. १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दोनच वर्षांनी टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला. या वेळी न्यायासनावर दावर होते. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि एकेकाळी याच आरोपीसाठी जामीन मागणाऱ्या दावरांनी तो नाकारला. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. परळ-लालबागच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या; कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळक मंडालेहून परतले ते १९१४ मध्ये.

१९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उच्च न्यायालयात, जिथे टिळकांना शिक्षा झाली त्याच दालनाबाहेर, त्यांच्या स्मृतीची शिला बसवली आणि त्या शिक्षेला अन्याय म्हटले. टिळकांना जाऊन तेव्हा ३६ वर्षे झाली होती.